बांधापलीकडचा रेडिओ

माझी सवत पुरुष आहे. नाव एन्डा लॅव्हिन. वय बासष्ट, डोक्याला टक्कल, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि ओठाच्या कोपऱ्यात कायम एक विझलेली सिगारेट. आमच्या बांधाला लागूनच त्याचं शेत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण माझा नवरा जार्लथ सकाळी उठला की आधी खिडकीतून एन्डाच्या गोठ्याकडे बघतो आणि मग वळून मला विचारतो, "उठलीस का?"

सवत बाई असती तर निदान तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या. याला झिंज्याही नाहीत.

आम्ही रॉसकॉमनची माणसं, गोऱ्हे पोसतो. ऑक्टोबरात बाजारातून दोन वर्षांचे, अंगाने रोड गोऱ्हे घ्यायचे, हिवाळाभर गोठ्यात कोंडून मुरघास आणि बार्लीचा भरडा चारायचा आणि अंगावर मांस चढलं की कारखान्यात पाठवायचे. कत्तलखान्याला आमच्याकडे नुसता कारखानाच म्हणतात. घेतलेल्या किमतीत चारलेल्याचा खर्च मिळवा, ती बेरीज कारखान्याच्या पैशातून वजा करा, मागे उरेल तो नफा. बऱ्याच हिवाळ्यांत आमच्या मागे उरतं ते शेण. माझे सासरे म्हणायचे, "गोऱ्ह्यात नफा विकताना होत नाही, घेताना होतो. महाग घेतलास की मग सोन्याचा घास भरवलास तरी उपयोग नाही." सासरे गेले आणि त्यांचं शहाणपणही त्यांच्याबरोबर गेलं.

एन्डाचाही हाच धंदा. तो एकटा आहे, लग्न केलं नाही. गोऱ्हे घेतो, पोसतो, विकतो आणि दरवर्षी जार्लथपेक्षा किलोला दोन-तीन सेंट जास्त मिळवतो. दोन-तीन सेंटांत मोजेही येत नाहीत, पण त्यावरून जार्लथ एप्रिल ते जून नीट जेवत नसे. एन्डाने गोठ्याला हिरवा रंग दिला की आमचा गोठा हिरवा होई. एन्डाने गोठ्यात रेडिओ टांगला, गाणी ऐकून गुरं शांत राहतात म्हणे, तेव्हा जार्लथ खो खो हसला. "उद्या त्यांना चष्मे लावील!" म्हणाला. आणि त्याच शनिवारी ॲथलोनला जाऊन एन्डापेक्षा मोठा रेडिओ घेऊन आला.

एन्डाच्या गोठ्याची पाठ आमच्याकडे आहे. आतलं काही दिसत नाही, नुसता छपराखालच्या फटीतून उजेड दिसतो आणि रेडिओ ऐकू येतो. रोज सकाळी सहाला आमच्या गुरांना चारा टाकला की जार्लथ बांधाशी जाऊन तो रेडिओ ऐकत उभा राहायचा. माझं बोलणं त्याने कधी इतकं कान देऊन ऐकलं असेल तर शपथ.

गेल्या सप्टेंबरात आमच्या लेकीचा, सोर्खाचा, पर्थहून फोन आला. तिला दिवस गेले होते, जानेवारीअखेर बाळ येणार होतं. मी आनंदाने रडले, आणि पाठोपाठ पोटात दुखायला लागलं, कारण पर्थला शॅरन आहे. शॅरन म्हणजे सोर्खाची सासू. तिचं घर सोर्खाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिचा नवरा स्वयंपाक करतो, तिला गाडीतून फिरवतो आणि चारचौघांत तिचा हात धरून चालतो. लग्नात मी डोळ्यांनी पाहिलंय. बाळ आधी तिच्या मांडीवर जाणार, हे मला दिसतच होतं. निदान दुसरी मांडी माझी असावी, आणि मी तिथे नवऱ्याबरोबर जावं, एवढंच माझं म्हणणं होतं. एकटी गेले असते तर शॅरनने मान वाकडी करून विचारलं असतं, "अय्या, एकटीच आलात?" पस्तीस वर्षांत हिवाळ्यात आम्ही दोघं मिळून कुठे गेलो नव्हतो. गुरं सोडून कसं जाणार?

"या वेळी जाऊ," जार्लथ म्हणाला. "संत ब्रिजिडच्या सणाच्या आत गोऱ्हे कारखान्यात जातील. एक फेब्रुवारी. दोन फेब्रुवारीला तू नि मी विमानात."

"शपथ घे."

"आईची शपथ."

आई तीन वर्षांपूर्वीच गेली होती, पण शपथ ती शपथ.

ऑक्टोबरातल्या त्या बाजाराला मी मुद्दाम बरोबर गेले. स्ट्रोक्सटाउनकडचा एक म्हातारा शेती सोडणार होता. त्याचे चोवीस शार्ले जातीचे गोऱ्हे विकायला होते, बारा-बाराच्या दोन घोळक्यांत. पिवळट पांढरे, रुंद पुठ्ठ्याचे. गोऱ्हे खरोखरच देखणे होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात तसल्या गोऱ्ह्यांना सोळाशे युरो भाव होता. पहिला घोळका रिंगणात आला आणि लिलाव पुकारणारा वरून गडगडायला लागला. बोली लावायची म्हणजे आमच्याकडे कुणी हात वर करत नाही. जार्लथ कठड्यावरची करंगळी उचलतो. एन्डा सिगारेट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेतो. रिंगणापलीकडे तो उभा होताच.

सोळाशे वीसला बाकीचे गप्प झाले. सोळाशे चाळीस, करंगळी. साठ, सिगारेट. ऐंशी, करंगळी. मी बघत होते, जार्लथची नजर गोऱ्ह्यांवर नव्हतीच.

"जार्लथ, गोऱ्हे त्या बाजूला आहेत," मी म्हणाले.

"माहीत आहे गं."

"मग तिकडे बघ ना. एन्डाच्या तोंडावर किती मांस आहे ते कारखान्याला नकोय."

"गप बस, बोली चुकेल."

सतराशे दहाला एन्डाची सिगारेट हलली नाही. हातोडा पडला आणि जार्लथने माझ्याकडे असं पाहिलं की लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. मला वाटलं, संपलं. पण दुसरा घोळका आत आला आणि एन्डा चिडलेला होता. आता घ्यायचं काही नसताना जार्लथची करंगळी उठतच राहिली. सोळाशे पन्नास, सत्तर, नव्वद. सतराशेला जार्लथने हात खिशात घातला आणि बारा गोऱ्हे एन्डाच्या गळ्यात पडले.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"त्याला स्वस्तात मिळू द्यायचे होते की काय?"

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, ते मी त्या दिवशी तिकीट न काढता पाहिलं. वर आणखी एक गोष्ट झाली. विकणारा घेणाऱ्याला शकुनाचे म्हणून थोडे पैसे परत देतो, तशी आमच्याकडे रीत आहे. म्हाताऱ्याने जार्लथच्या हातावर वीसची नोट ठेवली. एन्डाच्या हातावर पन्नासची ठेवली, कारण एन्डाची आई आणि म्हातारा एका शाळेत होते. घरी येईपर्यंत जार्लथ त्या तीस युरोंबद्दल बोलत होता. डोईला शंभर युरो जास्त मोजून आलोय, याबद्दल अवाक्षर नाही. मी मनातल्या मनात मांडून पाहिलं. एका गोऱ्ह्याला रोजचा चारा आणि भरडा मिळून सव्वातीन युरो लागतात, साडेतीन महिने. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात. आमची कोंबडीसुद्धा बारा आण्यांचीच होती.

हिवाळा ठरल्याप्रमाणे गेला. नोव्हेंबर, डिसेंबर, नाताळ. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात माझी मावशी गेली म्हणून आम्ही दिवसभर बॅलिनाला मयतीला जाऊन आलो. शेजारच्या पोराने चारा टाकला. बाकी सगळे दिवस जार्लथ, गोठा आणि बांध. गोऱ्हे मात्र फुगत गेले. पुठ्ठे गोल झाले, शेपटीच्या बुडाशी चरबीच्या गाठी दिसू लागल्या.

बावीस जानेवारीला बाळ आलं. मुलगी, नाव मेव्ह. पहिला फोटो आला त्यात मेव्ह शॅरनच्या मांडीवर होती. दुसऱ्यातही शॅरनच्याच. मी सोर्खाला म्हटलं, "बाळाचा फोटो पाठव गं, शॅरनचे गुडघे मला पाठ झाले." ती हसली. मला हसू येत नव्हतं. त्या बाईचा नवरा मागे उभा होता, हातात दुधाची बाटली घेऊन.

जानेवारी संपता संपता कारखान्याचा दलाल फर्गल गोऱ्हे बघायला आला. त्याने एकेकाच्या फासळ्यांवरून हात फिरवला, शेपटीचं बूड चिमटीत धरून पाहिलं.

"तयार आहेत जार्लथ. सोमवारी पाठव."

"बघू," जार्लथ म्हणाला.

"बघू काय? ऑगस्टच्या सुरुवातीचा जन्म आहे ना यांचा? दहा फेब्रुवारीला तीस महिने भरतायत. तीस महिन्यांवरच्या गोऱ्ह्याला किलोमागचं वीस सेंट बक्षीस नाही, तुला ठाऊक आहे. आणि आता मांस वाढणार नाही, नुसती चरबी चढेल. चरबीचे पैसे कारखाना देत नाही, कापून घेतो."

"आज विकले तर काय राहतं?" मी विचारलं.

फर्गलने टोपी खाजवली. "सतराशे दहाला घेतलेत ना? मग डोईला शंभर तोट्यात जातील. पण शंभरच जातील."

"शंभर तर शंभर," मी म्हटलं. "पाठव सोमवारी."

"थांब!" जार्लथने बांधाकडे बोट केलं. पलीकडे एन्डाचा दिवा जळत होता आणि रेडिओवर कुणीतरी फिडल वाजवत होतं. "त्याचे गेले का?"

"मला माहीत नाही," फर्गल म्हणाला. "मला काही तो विकत नाही."

"गेलेले नाहीत. म्हणजे त्याला काहीतरी कळलंय. त्याचा मावसभाऊ कारखान्याच्या हापिसात आहे. भाव वाढणार असेल. आता मी विकले आणि आठ दिवसांनी त्याने चढ्या भावात विकले, तर मला तोंड लपवायला जागा राहणार नाही."

"आणि नाही वाढला तर?"

"मग तो का थांबलाय?"

संत ब्रिजिडचा सण आला नि गेला. दारावर लव्हाळ्याचा क्रॉस मी लावला, पण प्रार्थना एकच केली, की एन्डाचे गोऱ्हे विकले जाऊ देत. दुसऱ्याच्या गोऱ्ह्यांसाठी इतक्या मनापासून कुणी देवाचं नाव घेतलं नसेल. दहा फेब्रुवारी उलटली, वीस सेंट गेले. गोऱ्ह्यांना आता उठून उभं राहायचाही कंटाळा येई. सव्वातीन युरो रोज त्यांच्या तोंडात जात होते आणि पाठीवर चरबी होऊन बसत होते. पर्थहून रोज फोटो येत होते. मेव्ह हसायला लागली होती, शॅरनकडे बघून.

शेवटी एका सकाळी मी ताजा सोडा ब्रेड फडक्यात गुंडाळला आणि एन्डाकडे निघाले. सवतीच्या पाया पडायचं ठरवलं. म्हणणार होते, बाबा, तुझे विक, म्हणजे माझा विकेल. हवं तर तुला किलोला पाच सेंट जास्त मिळोत.

स्वयंपाकघरात तो नव्हता. मी वळसा घालून गोठ्याच्या पुढच्या बाजूला गेले. रेडिओवर हवामान सांगत होते. दिवा लागलेला होता. आत एकही गोऱ्हा नव्हता. जमीन पाण्याने धुऊन कोरडी झालेली, गव्हाण झाडलेली, खिळ्याला सुतळीने रेडिओ टांगलेला, आणि त्याच्याखाली एक मांजर तंगडी वर करून अंग चाटत होतं. ते एकटंच हवामान ऐकत होतं.

"पाहिलंस तर," मागून एन्डा म्हणाला. त्याच्या हातात चहाचा मग होता.

"गोऱ्हे कुठे गेले?"

"उत्तरेला. टायरोनच्या एका व्यापाऱ्याने नेले. तुम्ही मावशीच्या मयतीला गेला होतात ना, त्या दिवशी."

"जानेवारीत? अर्धेमुर्धे पोसलेले?"

"अर्धेमुर्धेच. सतराशेचा गोऱ्हा पोसून वर येत नाही, डिम्फ्ना. रोज चारायचं आणि रोज खड्डा थोडा खोल करायचा. मी म्हटलं, खड्डा आहे तोवर उडी मारू. विहीर झाल्यावर नको."

"किती गेले?"

"डोईला नव्वद." आकडा सांगताना त्याने मांजराकडे पाहिलं.

"मग हा रेडिओ कुणासाठी?"

त्याने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "सकाळी सहाला तुझा नवरा बांधाशी येऊन उभा राहतो. पाऊस असो, बर्फ असो. माझ्या न्हाणीच्या खिडकीतून मला दिसतो. रेडिओ बंद झाला की त्याला कळेल, एन्डा हरला. मग गावभर माझी वरात काढेल तो. म्हणून मी पावणेसहाला उठतो, दिवा लावतो, रेडिओ लावतो, आणि परत झोपतो."

मला संताप यायला हवा होता. आला तो नंतर. आधी आला तो मत्सर, खरं सांगते. माझ्या नवऱ्यासाठी हा माणूस महिनाभर रोज पावणेसहाला उठत होता. माझ्यासाठी कुणी पावणेनऊलाही उठलं नव्हतं.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "तुझा रेडिओ ऐकून तो थांबलाय! त्याला वाटतंय भाव वाढणार!"

एन्डाची सिगारेट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली.

"थांबलाय? अजून?"

"अजून."

"तीस महिने होऊन गेले?"

"होऊन गेले."

"अरेरे," एन्डा म्हणाला. तोंड त्याने अगदी सुतकी केलं होतं, पण कान लाल झाले होते आनंदाने. "वाईट झालं हं. फार वाईट. किती जातील ग त्याचे? अदमासे?"

मी सोडा ब्रेड परत घेऊन घरी आले.

"त्याला सांगू नकोस, पाया पडतो," असं तो मागून ओरडला होता. मी हो म्हटलं होतं. बांध ओलांडायच्या आत मी ते विसरले.

जार्लथ जेवायला बसला होता. डुकराचं मांस, कोबी, बटाटे. मी सगळं सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला, तोंड उघडलं आणि असा हसला की भिंतीवरच्या तसबिरीतले पोप हलले. "रिकामा! रिकाम्या गोठ्यात रेडिओ!" डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. मांडीवर थापा मारल्या. आणखी तीन बटाटे मागून घेतले. पस्तीस वर्षांत मी केलेल्या कुठल्याच स्वयंपाकाने त्याला एवढी भूक लागली नव्हती.

"आणि किती गेले त्याचे?" त्याने घास चावता चावता विचारलं.

"डोईला नव्वद."

"नव्वद?"

"नव्वद."

चावणं थांबलं. "नव्वदच?"

"हो."

"आणि आपले आज विकले तर?"

"तूच मांड. दोनशेच्या वर."

तो ताटाकडे बघत राहिला. उरलेले बटाटे तसेच राहिले. "म्हणजे हरवलंच त्याने मला," तो म्हणाला. "तोट्यातसुद्धा तोच पुढे."

रविवारी ट्रक आला. दिवस आणि वेळ जार्लथने निवडली होती: एन्डा चर्चमध्ये अकराच्या मिस्सेला गेलेला असतो. त्यासाठी जार्लथने स्वतः मिस्सा चुकवली, लग्नानंतर पहिल्यांदा. ड्रायव्हरला त्याने मागच्या वाटेने आणलं, इंजिन बंद करायला लावलं आणि गोऱ्ह्यांना चढवताना एकदाही आरडाओरडा केला नाही. एरवी तो शेजारच्या परगण्याला ऐकू जाईल असा ओरडतो. सोमवारी कारखान्याचा फोन आला. बक्षीस एकालाही नाही, पाचांची चरबी जास्त म्हणून कापलेले. एकूण डोईला दोनशे दहा गेले.

मला काही वाटलं नाही. उलट मी शीळ घालत होते. गोठा रिकामा, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा फेब्रुवारीत माझा नवरा मोकळा. त्याच दुपारी मी सोर्खाला सांगून दोन तिकिटं काढली, शनिवारची. सूटकेस माळ्यावरून काढून पुसली. जार्लथचे दोन शर्ट इस्त्री केले, अर्ध्या बाह्यांचे. पर्थला उन्हाळा असतो. शॅरनच्या नवऱ्याहून माझा नवरा अर्ध्या बाह्यांत बरा दिसेल, असंही मनात आलं.

मंगळवारी सकाळी सहाला जाग आली तर जार्लथ बूट घालत होता.

"कुठे निघालास? गोठ्यात आहे काय आता?"

"रेडिओ लावून येतो."

मला वाटलं थट्टा करतोय. तो गेला. दिवा लागला, रेडिओ लागला. आमचाच, मोठा. बुधवारीही. गुरुवारी मी सूटकेस उघडी टाकून त्याच्यासमोर उभी राहिले.

"शनिवारी कोण लावणार?"

"तेच तर," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "डिम्फ्ना, ऐक. गोठा गप्प झाला की एन्डा विचारणार, कधी गेले, कितीला गेले. रेडिओ चालू आहे तोवर तो विचारू शकत नाही. रात्रंदिवस चालू ठेवून गेलो तर म्हणेल, याची गुरं झोपतात कधी?"

"मेव्ह तुझी नात आहे, जार्लथ."

"एप्रिलात जाऊ ना. एप्रिलात सगळ्यांचेच गोठे रिकामे होतात. तेव्हा कुणी बघत नाही कुणाकडे."

"तू आईची शपथ घेतली होतीस."

"गोऱ्हे गेले की जाऊ, अशी घेतली होती. आता एन्डाच्या हिशेबी गोऱ्हे अजून इथेच आहेत."

मी हातातली कपबशी सिंकमध्ये आदळली. बशी फुटली, कप राहिला. मग मी त्याचे दोन शर्ट सूटकेसमधून काढले आणि खुर्चीवर टाकले. रडले का? रडले. शॅरनसमोर एकटीने उभं राहायचं, या विचाराने जास्त रडले.

विमानतळाची बस ॲथलोनहून पहाटे सुटते. जार्लथला सोडायला यायला जमणार नव्हतं, सहाला दिवा लावायचा होता ना. "एन्डाला सांग," तो म्हणाला. "त्याला काय काम आहे? म्हण, जार्लथ गुरांत अडकलाय."

एन्डा इस्त्रीचा शर्ट घालून गाडी घेऊन आला. सूटकेस त्यानेच उचलली. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोन्ही गोठ्यांत दिवे होते आणि दोन्हीकडून एकाच बाईचा आवाज गुरांचे भाव सांगत होता.

"जार्लथ बरा आहे ना?" एन्डाने विचारलं. "गुरांच्या मागे दमत असेल."

"हो ना. खाणं फार वाढलंय त्यांचं," मी म्हणाले.

गाडी डांबरी रस्त्याला लागली. थोड्या वेळाने एन्डा म्हणाला, "रविवारी गेले ना? मिस्सेच्या वेळेला?"

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"माझा गोठा गप्प आहे, डिम्फ्ना. त्यामुळे तुमचा गप्प झालेला मला लगेच ऐकू आला. गोऱ्हा सकाळी हंबरतोच, गाणं लावा नाहीतर काही लावा."

"मग जाऊन सांग ना त्याला! म्हणजे तो रेडिओ बंद करेल आणि पुढच्या विमानाने येईल माझ्यामागे!"

"छे छे," एन्डा दचकून म्हणाला. "त्याला कळता कामा नये. मेला तरी चालेल, पण मला कळलंय हे त्याला कळता कामा नये. मग सकाळी तो बांधाशी येईल कशाला?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडे बघत होता. त्या क्षणी मला कळलं की पस्तीस वर्षं मी याला सवत म्हणत आले, पण या संसारात पहिली बायको कोण आणि मागून आलेली कोण, हे मी नीट तपासलंच नव्हतं.

बसपाशी त्याने सूटकेस उतरवली. निघता निघता घुटमळला.

"एक विचारू?"

"विचार."

"जार्लथचा रेडिओ कुठल्या दुकानातला आहे ग? माझा खरखरतो. त्याचा बांधापलीकडून शब्द न् शब्द ऐकू येतो."

"त्यालाच विचार," मी म्हटलं, आणि बसमध्ये चढले. शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवली.

पर्थच्या विमानतळावर दारं उघडली तेव्हा समोर तिघं होती. सोर्खा दोन्ही हात पसरून, शॅरनचा नवरा ट्रॉली घेऊन, आणि शॅरन मेव्हला छातीशी धरून. मी मेव्हला घ्यायला हात पुढे केले. शॅरनने तिला लगेच दिली नाही. माझ्या मागे, रिकाम्या दाराकडे बघितलं आणि मान वाकडी केली.

"अय्या, एकटीच आलात? जार्लथ कुठे?"

"गुरं आहेत हो घरी," मी म्हणाले. "शार्ले जातीची बारा. असले गोऱ्हे गावात दुसऱ्या कुणाकडे नाहीत. सोडून कसे येतील ते?"